प्रस्तावना : संमतीच्या समुदायातले नेतृत्व

वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त रतिक्रीडेतल्या प्रहारांविषयी लिहिताना तीन दुर्घटना नोंदवल्या आहेत. चोल राजाच्या हातून चित्रसेना ही गणिका मेली, कुंतलाच्या सातकर्णी सातवाहनाच्या हातून राणी मलयवती गेली, आणि पांड्यांचा सेनापती नरदेव याचा घाव चुकून एका नर्तकीचा डोळा फुटला. तिन्ही ठिकाणी इजा करणारा सत्ताधीश आहे आणि त्याला आवरणारे कोणी नाही. बीडीएसएम समुदायातल्या नेतृत्वाचा अभ्यास मला इथूनच सुरू करावासा वाटतो.

बंधन, वर्चस्व, समर्पण, वेदना यांचा अनुभव सज्ञान माणसे आपसांत ठरवून घेतात, तेव्हा त्याला बीडीएसएम म्हणतात. लेदर ही त्याची जुनी, चामड्याच्या पेहरावावरून ओळखली जाणारी शाखा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या मोटरसायकल क्लबांत ती वाढली. लॉस एंजेलिसचा ‘सॅटर्स’ क्लब १९५४ चा. पुढे १९७१ मध्ये न्यूयॉर्कला ऑयलेनश्पीगल सोसायटी आणि १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सोसायटी ऑफ जेनस निघाली, आणि जे एकमेकांच्या सोबतीने शिकले जाई त्याचे खुले वर्ग भरू लागले. मग एड्सने जाणती माणसे नेली. शिकागोत १९९१ मध्ये लेदर संग्रहालय उभे राहिले, ते या हानीच्या काळात. गेल रुबिन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या लेदर समुदायावर १९९४ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्रबंध सादर केला आणि हा विषय गंभीर अभ्यासाचा झाला.

या समुदायात वर्चस्व गाजवणारा माणूस आपोआप नेता ठरतो, हा गैरसमज बाहेर आहे तसाच आतही आहे, आणि सर्वांत घातक आहे. खेळातली, म्हणजे अशा ठरवून घेतलेल्या अनुभवातली, सत्ता बोलणी करून, ठरलेल्या वेळेपुरती मिळते. समोरच्याने सेफवर्ड, म्हणजे खेळ थांबवण्यासाठी आधी ठरवलेला शब्द, उच्चारला की ती संपते. गटाच्या प्रमुखाकडे साचणाऱ्या सत्तेला असा शब्द नसतो. नवख्याला आत घ्यायचे की नाही हे तो ठरवतो, लोकांची खरी नावे त्याला ठाऊक असतात, कोणाविषयी कुजबुज आहे हेही त्याच्यापर्यंत पोचते. म्हणून ज्याच्याकडे नवखे विश्वासाने येतात त्याने त्यांच्याशी खेळाचे संबंध जोडण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी कसोटी तक्रार आल्यावर लागते, आणि तीही स्वतःच्या मित्राविरुद्ध आल्यावर.

भारतातल्या बीडीएसएम समुदायात ‘द किंकी कलेक्टिव्ह’ या गटाने संमतीविषयी बोलणे सुरू केले. महाराष्ट्रात लैंगिकतेवर उघडपणे काम करणाऱ्यांची वाट आधीची आहे : मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ चा, पुण्याचा समपथिक ट्रस्ट २००२ चा. त्याही मागे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी लैंगिक विषयांवरचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. कर्वे या समुदायाचे नव्हते. पण वाचकाचा प्रश्न कसलाही असो, त्याला न लाजवता उत्तर द्यायचे, हे त्यांचे शील या क्षेत्रातल्या प्रत्येक नेत्याने उचलावे.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या सावर्ड्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. शहरात चार अनोळखी माणसे कुठेही भेटू शकतात. इथे हॉटेलात चहा प्यायला बसलात तरी ‘तुम्ही कोणाकडचे?’ हा प्रश्न येतो. गुप्तता पाळणे हे गावातल्या माणसासाठी नोकरी, लग्न, घर यांचे रक्षण आहे. परवानगीवाचून फोटो काढणाऱ्याला आवरणे, गट सोडून गेलेल्याचेही नाव न फोडणे ही कामे दिसत नाहीत, पण नेतृत्व बहुतांशी त्यांतच खर्ची पडते.

कायद्याचे भानही हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून सुटले. पण गंभीर दुखापत हेतुपुरस्सर केली, तर अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमतीही भारतीय न्याय संहितेत बचाव ठरत नाही. इंग्लंडमध्ये १९९३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तर त्याहून कमी दुखापतीतही संमतीचा बचाव नाकारला होता.

या विषयात नव्याने येणाऱ्याचे मनापासून स्वागत. त्याने इतिहासापासून सुरुवात करावी. ज्याच्याकडे गटाची जबाबदारी आधीच आली आहे, त्याने मात्र इतिहास मागे ठेवून या पुस्तकातले तक्रारींचे प्रकरण आधी वाचावे, आणि शक्य तर गटातल्या सर्वांत नव्या माणसाबरोबर.

सावर्डे, जि. रत्नागिरी