मांजरासाठी दारात दार

छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीत सुताराला ‘मांजरासाठी दार करून द्या’ असं सांगितलं, तर त्याने आधी एकच विचारावं: लाकूड कापायचं की जाळी? कारण आजच्या घरात मांजराची वाट अडते ती बहुतेक वेळा लाकडी दाराशी नव्हे, तर ग्रिलच्या मागे बसवलेल्या डासांच्या जाळीशी आणि स्लायडिंगच्या काचेशी. मांजरदाराची खरी कुळकथा इथूनच सुरू होते असं मला वाटतं. घर बंद झालं की दाराला भोक लागतं. जोवर घर उघडं होतं, तोवर कुणाला ते सुचण्याचं कारणच नव्हतं.

मराठवाड्यातलं जुनं घर आठवून पाहा. जाड मातीच्या भिंती, लाकडी कड्या, वर मातीचं माळवद. उजेड आत यावा आणि चुलीचा धूर बाहेर जावा म्हणून माळवदाला ठेवलेलं सवणं. पाऊस आला की त्यावर फरशी नाहीतर घमेलं पालथं घालायचं. शेजारच्या घरांची माळवदं एकमेकांना लागून असत. मांजर एका घराच्या माळवदावरून दुसऱ्याच्या माळवदावर जाई, सवण्यातून उतरे आणि मोरीतून बाहेर पडे. घरात धान्याची कणगी असे, वाड्याच्या भिंतीत बळद असे, म्हणजे उंदीर असायचेच. मांजर घरात हवंच होतं. फक्त दुधात नको होतं. म्हणून आपल्या बायांनी मांजर अडवलं नाही, दूध उंच टांगलं. शिंकं ही आपली तोड. ‘शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं’ ही म्हण ज्या घरात जन्मली, त्या घरात बोका आधीपासून आतच होता. पुढे जाळीचं कपाट आलं, तेही त्याच विचाराचं.

मांजराची गरज किती मोठी मानली जात होती, याचा एक पुरावा वऱ्हाडातला आहे आणि तो विसरला जाऊ नये. प्लेगच्या साथी सुरू असताना इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी तिथल्या गावांमधली मांजरं मोजली, गावोगावच्या प्लेगशी त्यांचा मेळ घातला, आणि १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्लेग रोखायला मांजरं पाळा असं मांडलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो हे तेव्हा नुकतंच पक्कं झालं होतं. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे तो उपाय वाटला तितका सरळ नाही. पण खेड्यातल्या घरात मांजराला मोकळी वाट होती, म्हणूनच तो उपाय सुचण्याजोगा होता.

थंड मुलखात असं उघडं घर परवडत नाही. तिथे दार घट्ट लावावंच लागतं, आणि म्हणून मांजरदाराचे जुने दाखले तिकडचे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या, इंग्रज कवी चॉसरच्या ‘मिलर्स टेल’मध्ये एक नोकर बंद खोलीत डोकावतो, तो फळीच्या तळाशी मांजरासाठी असलेल्या भोकातून. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलचा दाखला तर हिशेबाच्या वहीतला आहे. तिथे १३०५ ते १४६७ या काळात राखणदारांच्या आणि मांजराच्या नावे दर तिमाहीला तेरा पेन्स खर्ची पडत. पुढे १५९८ साली बिशप विल्यम कॉटन यांच्या कारकिर्दीत सुतारांना आठ पेन्स देऊन खगोलीय घड्याळाखालच्या दाराला गोल भोक पाडून घेतलं. घड्याळाच्या दोरांना चरबी लावलेली असे, तिच्या वासाने उंदीर येत आणि दोर कुरतडत, असं सांगतात. ते भोक आजही पाहता येतं. मांजराच्या पगाराची आणि त्याच्या दाराच्या मजुरीची अशी नोंद ठेवणाऱ्या कारकुनांचे आपण ऋणी आहोत.

मग मांजरदार न्यूटनने शोधून काढलं असं म्हणतात, त्याचं काय? त्याने मांजरासाठी मोठं आणि पिल्लासाठी छोटं अशी दोन भोकं पाडली, ही गोष्ट पुस्तकात दिसते ती १८२७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी. उलट त्याच्याजवळ पाच वर्षं लेखनिक म्हणून राहिलेल्या हम्फ्री न्यूटनने लिहून ठेवलंय की साहेबांच्या खोलीत ना कुत्रं होतं ना मांजर. चॉसर तर न्यूटनच्या जन्माच्या दोनशे चाळीस वर्षांहून जास्त काळ आधी वारला. मांजरदार एका बुद्धिमंताचं नाही. ते नाव न उरलेल्या सुतारांचं आहे, आणि ते श्रेय त्यांनाच मिळायला हवं.

त्या भोकाला झडप, झडपेला चुंबक आणि कुलूप हे सगळं मागाहून आलं. अलीकडचं एक दार मांजराच्या कातडीखालची तांदळाच्या दाण्याएवढी चिप वाचतं. चिपमध्ये बॅटरी नसते. दारातल्या रीडरच्या चुंबकी क्षेत्रातून तिला ऊर्जा मिळते, ती पंधरा आकडी क्रमांक कळवते आणि खिटी सरकते.

मुकुंदवाडीत आपलं घर बंद झालं ते एका पिढीत. शेजारी सिडकोच्या वसाहती वाढल्या, १९८२ साली महानगरपालिका झाली, माळवदाच्या जागी स्लॅब आले. स्लॅबला सवणं नसतं. मोरीची जागा जाळी लावलेल्या ट्रॅपने घेतली. डेंग्यूच्या भीतीने खिडक्यांना जाळ्या बसल्या, आणि ते योग्यच झालं. फक्त मांजर बाहेर राहिलं.

म्हणून बसवायचं तर असं: दार कापण्याआधी पुठ्ठ्यात भोक पाडून मांजर त्यातून सहज जातं का ते पाहावं. भोकाची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला यावी. फ्लश डोअर आतून पोकळ असेल, तर कापलेल्या कडांना आतून लाकडी पट्टी द्यावी, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगतो. कडी-कोयंड्यापर्यंत बाहेरून हात पोचणार नाही इतकं अंतर ठेवावं. स्लायडिंगची काच जागेवर कापणं सोपं नाही. ती काढून तिथे पत्र्याची किंवा ॲक्रिलिकची पट्टी बसवावी. तळमजल्यावर रात्री झडपेला खिटी घालावीच, कारण त्याच वाटेने घूस येते आणि पावसाळ्यात सापही. पहिले काही दिवस झडप दोरीने वर बांधून ठेवावी. मांजर उघड्या भोकाला सरावलं की थोडी थोडी खाली सोडावी.

चिपचं दार मी इथे सुचवणार नाही. ते एका घरच्या, नोंद केलेल्या मांजरांसाठी आहे. आपल्या गल्लीतलं मांजर सकाळी एका घरी दूध पितं, दुपारी दुसऱ्याच्या जिन्यात झोपतं आणि पिल्लं तिसऱ्याच्या माळ्यावर घालतं. त्याच्यासाठी साधी झडपच बरी, आणि ती दोन-तीन घरांनी मिळून लावली तर आणखी बरी.