इंदूरचे पाणी आणि पाण्याचा पैसा

खान आणि सरस्वती या दोन नद्यांच्या काठी इंदूर वसले, पण वाढत्या शहराची तहान भागवण्याइतके पाणी या नद्यांत नव्हते. आपल्या शहराचा पाण्याचा इतिहास म्हणजे दुरून पाणी आणण्याचा इतिहास आहे. त्यासाठी दर वेळी पैसा कोणी दिला, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

अहिल्याबाईंनी राज्यकारभारासाठी नर्मदाकाठचे महेश्वर निवडले. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि पुढे पाण्याची चिंताही दरबाराकडे आली. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला हे तलाव त्या काळातले. कापडगिरण्यांमुळे वस्ती वाढली, तेव्हा दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी बोलावले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. नंतर १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर उभा राहिला. पैसा संस्थानच्या खजिन्याचा होता. निर्णयही इथेच होई आणि खर्चही इथेच.

१९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि खजिना भोपाळला गेला. शहर मात्र वाढतच होते. १९७१ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या पुढे गेली. तलाव आणि यशवंत सागर पुरेनासे झाले, तेव्हा नर्मदा आणण्याची मागणी पुढे आली. ५ जुलै १९७० रोजी आंदोलन सुरू झाले. त्यात पक्षभेद उरला नाही. होमी दाजींसारखे कामगार नेते आणि अभ्यास मंडळाचे मुकुंद कुलकर्णी यांच्यासारखे कार्यकर्ते एका मागणीसाठी उभे राहिले. २३ ऑगस्टला मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांनी योजनेची घोषणा केली. पंधरा दिवसांच्या आत गणपती बसले. त्या वर्षीच्या आरत्यांना वेगळाच जोर असेल, असे आम्हांला वाटते.

योजना सोपी नव्हती. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर पाणी आणायचे आणि वाटेत विंध्याचा चढ. पंपांनी पाणी टप्प्याटप्प्याने पाचशे मीटरहून अधिक उंच चढवायचे, वाचू पॉइंटच्या माथ्यावर पोहोचवायचे आणि तेथून उताराने शहराकडे सोडायचे. पहिला टप्पा १९७८ मध्ये सुरू झाला, दुसरा १९९२ मध्ये. प्रत्येकी रोज ९ कोटी लिटर पाणी. तिसरा टप्पा ३६ कोटी लिटरचा.

तिसऱ्या टप्प्यापर्यंत पैशाची वाट बदलली होती. २००३ मध्ये आशियाई विकास बँकेने भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर या चार शहरांच्या पाण्यासाठी कर्ज मंजूर केले. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू शहरी नूतनीकरण योजना आली. आपल्यासारख्या शहरासाठी तिची वाटणी अशी होती: केंद्र ५० टक्के, राज्य २०, उरलेले ३० महापालिकेने उभे करायचे. शिवाय एक अट होती. पाणीपुरवठा चालवण्याचा आणि देखभालीचा सगळा खर्च सात वर्षांत ग्राहकांकडून वसूल व्हावा. २०१५ पासून अमृत योजना आली. म्हणजे नवे बांधायला अनुदान मिळते, पण बांधलेले चालवण्याचा भार शहरावर राहतो.

हा भार लहान नाही. नर्मदा वर चढवायला लागणारी वीजच महिन्याला वीस-पंचवीस कोटी रुपये खाते. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी हा पैसा होता. रोख्यांना मागणी जवळजवळ सहापट आली. एकेकाळी दरबाराच्या खजिन्यातून आलेला पैसा आता सामान्य गुंतवणूकदाराच्या खिशातून आला.

पण जमिनीखालच्या जुन्या नळांचे काय? गळतीमुळे पाणी वाया जाते, हे तर आहेच. त्याहून मोठा धोका वेगळा. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येते. नळात दाब नसतो त्या तासांत, जिथे जोड सैल आहे तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन शेजारी असली की काय होते, हे डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्याने दाखवले. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले, माणसे दगावली. २०१७ पासून सतत स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात हे घडले.

आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे एक गोष्ट जवळून पाहतो. नव्या टाकीला कोनशिला बसते, उद्घाटन होते. गल्लीतला पन्नास वर्षांचा नळ बदलला, तर त्याची कोनशिला बसत नाही. खोदलेला रस्ता तेवढा दिसतो आणि तक्रारी येतात. मग अंदाजपत्रकात कात्री आधी तिथेच लागते.

१९७० मध्ये आपल्या आईवडिलांनी आणि आजी-आजोबांनी पाणी मागितले आणि मिळवले. आता मागायचे आहे ते नळबदलीसाठी वेगळा निधी, दर वर्षी, नावानिशी आणि हिशेबासह. आपल्या प्रभागात किती लांबीचा नळ बदलला, पाण्याची तपासणी कधी झाली आणि तिचा निकाल काय, हे नगरसेवकाला विचारायला हवे. त्याबरोबर पाणीपट्टीही वेळेवर भरायला हवी. थकबाकीदाराच्या प्रश्नाला वजन येत नाही.

पन्नास दिवसांच्या एकजुटीने नर्मदा विंध्य चढून आली. ती आपल्या ओट्यावरच्या तांब्यापर्यंत निर्मळ पोहोचावी, एवढे काम आपल्या पिढीसाठी उरले आहे. ते पार पाडण्याची बुद्धी विघ्नहर्ता आपल्या सर्वांना देवो. गणपती बाप्पा मोरया!