रेषेवरची ओंबी

संख्याशास्त्रज्ञ म्हटला कीं कोष्टकांच्या ढिगाआड बसलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें येतो. पण या शास्त्राचा व्यवहारांत उपयोग करणाऱ्याची खरी परीक्षा पुष्कळदां शेताच्या बांधावर होते. ती कशी, हें पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामावरून चांगलें कळतें. त्यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचा. फर्ग्युसन कॉलेजांत गणिताची पदवी घेऊन ते लंडनला गेले, नेमन व ईगॉन पिअर्सन यांच्यापाशीं शिकले आणि १९४० सालीं दिल्लीस इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेंत रुजू झाले.

प्रश्न वरकरणी पोरखेळाचा होता: यंदा पीक किती आलें? तोंवर त्याचें उत्तर आणेवारीनें देत. भरघोस पीक तें सोळा आणे. बाकीचें नजरअंदाजानें ठरवावयाचें. आणेवारी फार उतरली कीं सारा तहकूब होई, म्हणून शेतकऱ्याला ती कमी हवी आणि तिजोरीला जास्त. अशा ओढाताणींत सांपडलेली नजर निर्मळ कशी राहणार? त्यांतच १९४३ सालीं बंगालचा दुष्काळ आला, शहरांतून रेशनिंग सुरू झालें, आणि कोणत्या प्रांतांत धान्य किती, हा आंकडा लाखों लोकांच्या ताटाशीं जाऊन भिडला.

उपाय असा कीं, गांव आणि शेत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावयाचें. शेताच्या ठराविक कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावलें व रुंदीकडे किती, हेंही कसलाही क्रम नसलेल्या अंकांच्या कोष्टकावरून ठरवावयाचें. (टिपेट यांनीं १९२७ सालीं अशा ४१,६०० अंकांचें पुस्तकच छापलें होतें.) जागा निवडण्याची मोकळीक माणसाला द्यावयाची नाहीं, कारण त्याचे पाय आपोआप दाट पिकाकडे वळतात. मग खुंट्या ठोकून दोरी ताणावयाची, आंतील पीक कापून, मळून, उफणून तोलावयाचें, आणि तें वाळल्यावर किती घटतें हेंही पाहावयाचें. हबॅक नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें बिहार-ओरिसांत भातावर असे प्रयोग पूर्वींच केले होते.

बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबीस लहान वर्तुळें कापवीत. लहान तुकडा झटपट होतो, तेवढ्याच खर्चांत पुष्कळ ठिकाणें पाहून होतात. कागदावर हा हिशेब बिनतोड आहे. सुखात्म्यांची शंका दोरीविषयीं होती. ओंबी नेमकी रेषेवर आली, तर ती आंतली कीं बाहेरची? कापणाऱ्याचा हात ती आंत ओढतो. लबाडीनें नव्हे, उभें पीक सोडवत नाहीं म्हणून. आतां गणित करून पाहा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें साडेबारा चौरस फूट, आणि परीघही साडेबारा फूट! म्हणजे चौरस फुटामागें एक फूट कांठ. तेंच तेहतीस फूट लांब व साडेसोळा फूट रुंद तुकडा घेतला, तर चौरस फुटामागें कांठ सव्वादोन इंचांहूनही कमी. पहिल्यांत एक तोळा धान्य चुकून जास्त आलें, तर एकराच्या हिशेबांत तें एका मणाहून अधिक फुगतें. दुसरा तुकडा बरोबर एकराचा ऐंशीवा भाग, तेथें तें शेरभरच राहतें. त्रैराशिकाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हें उदाहरण अवश्य घालावें.

सुखात्म्यांनीं केवळ तर्कावर भागविलें नाहीं. लहान-मोठे तुकडे कापवून त्यांनीं तुलना केली. लहान तुकड्यांचा आंकडा फुगलेला निघाला, आणि तुकडा वाढवीत नेला तशी ती सूज उतरली. १९४६ सालीं हें ‘नेचर’ पत्रांत छापून आलें, आणि वाद चांगलाच रंगला. महालनोबीस यांची बाजू अगदींच लंगडी नव्हती; त्यांच्यापाशीं खास तयार केलेले पाहणीदार होते. सुखात्म्यांना मात्र महसूल व शेतकी खात्यांच्या साध्या नोकरांकडूनच देशभर काम करून घ्यावयाचें होतें. त्या हातांचा स्वभाव त्यांनीं हिशेबांत धरला, यांतच मला त्यांची खरी विद्वत्ता दिसते.

पुढें ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत गेले. १९९७ सालीं वारले. पीककापणीचे प्रयोग आजही चालू आहेत. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भरपाईसाठीं त्यांचा आधार घेतात. येथें ओढ मात्र उलटी आहे: उत्पन्न कमी निघालें तर गांवाला पैसे मिळतात, तेव्हां रेषेवरची ओंबी आतां दोरीबाहेर ढकलली जाण्याचाच संभव अधिक.