खताच्या गोणीवरचे आकडे आणि आपली भातखाचरं

आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं मसाटला नोकरीनिमित्त स्थिरावली, पण गावाकडची शेती सुटलेली नाही. जून जवळ आला की फोन येतो, "खताचे पैसे पाठव." कोणत्या खताचे, हे आपण फारसं विचारत नाही. म्हणून ही माहिती.

गोणीवरचे तीन आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण त्याच क्रमाने सांगतात. नत्रामुळे पानं हिरवी राहतात व फुटवे येतात, स्फुरदामुळे मुळं वाढतात, पालाशामुळे खोड ताठ राहतं आणि दाणा भरतो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो, बाकी काही नाही. डीएपी १८:४६:० असतं, ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. आरसीएफचं सुफला १५:१५:१५, तिन्ही सारखे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, पण सोबत ११ टक्के गंधक आणि कॅल्शियमही मिळतं. भुईमूग किंवा तीळ असेल तर आम्हाला हेच बरं वाटतं. शेणखतात शंभर किलोमागे नत्र जेमतेम अर्धा किलो, पण जमिनीचा पोत राखायला त्याला पर्याय नाही.

भाताची गोष्ट जरा वेगळी. पाणी साचलेल्या खाचरात वरून फेकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र हवेत उडून जातं किंवा पाण्याबरोबर वाहून जातं. सिल्वासा, जव्हारपासून खाली कोकणापर्यंत पाऊस धो धो, त्यामुळे हे नुकसान आपल्याकडे जास्तच. यावर डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भातशेती सुचवली. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, १५-२५ सेंटिमीटर अंतराने जोडओळ लावणी, आणि लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे साधारण १७० किलो खत. खत वाचतं, मात्र वाकून खोचायला माणसं लागतात. घरची माणसं असतील तर जरूर करावं. सगळी मजुरी विकतची असेल तर आधी हिशेब मांडावा.

भात पिवळं दिसलं की लगेच युरिया, ही सवय महागात पडते. खालची जुनी पानं पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी असतील तर गंधक किंवा लोह. लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत रोप खुजं राहून पानांवर तांबूस ठिपके आले तर तो खैरा, जस्ताची उणीव. तिथे झिंक सल्फेट हवं, युरियाने तो बरा होत नाही.

इथल्या गच्चीवरच्या कुंड्यांना गांडूळखत पुरे. युरिया थोडा जास्त झाला तरी मुळं करपतात.

आणि गावी एक आठवण द्या: युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री एकत्र करून ठेवू नका. ओल धरून गोळे होतात. मिसळायचंच असेल तर शेतात टाकायच्या वेळी.