झळाळीचा हिशेब मायक्रॉनमध्ये

नवी मुंबईत वाशी आणि बेलापूर यांना जोडणाऱ्या पाम बीच मार्गावरून एखादी स्पोर्ट्स कार वेगाने निघून जाते, तेव्हा डोळ्यांत भरते ती तिची झळाळी. तीच गाडी भर उन्हात जवळून पाहिली, तर तिच्या रंगावर अनेकदा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. हे ओरखडे काढून रंगाला मूळ तेज मिळवून देण्याचे काम ‘डिटेलिंग’मध्ये केले जाते. गॅरेजमधील नेहमीच्या रबिंग-पॉलिशहून ते वेगळे ठरते ते मोजमापामुळे.

गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या साऱ्यांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. ओरखडे असतात ते याच थरात. पॉलिश करणे म्हणजे ओरखड्यांच्या तळापर्यंत भोवतालचा थर घासून सपाट करणे. प्रत्येक पॉलिशगणिक एक-दोन मायक्रॉन, जोरकस कंपाऊंडिंगमध्ये त्याहून अधिक थर कायमचा जातो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षणही हाच थर करतो. तो फार पातळ झाला की रंग विटतो, पापुद्रे सुटतात आणि मग पुन्हा रंगकामाखेरीज उपाय उरत नाही. मूळ रंगाला मोल देणाऱ्या महागड्या गाडीच्या बाबतीत हे नुकसान मोठेच.

नवी मुंबईची हवा रंगाची परीक्षा पाहणारी आहे. एकीकडे खाडीची खारट, दमट हवा, तर दुसरीकडे ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा येथील कारखाने. ब्रेकमधून आणि रेल्वेरुळांवरून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुततात आणि दमटपणात गंजतात. तरीही ओरखड्यांचे मुख्य कारण बहुधा घरचेच असते. रोज सकाळी एकाच बादलीतील पाणी आणि एकच फडके घेऊन धुळीने माखलेली गाडी पुसली, की ती धूळच सॅंडपेपरचे काम करते.

म्हणूनच डिटेलिंगची सुरुवात पॉलिशने होत नाही. प्रथम भरपूर पाणी आणि शाम्पूने गाडी धुतात. लोहकण विरघळवणारे द्रावण फवारल्यावर त्या कणांभोवती जांभळे ओघळ दिसतात. उरलेली चिकट घाण विशिष्ट प्रकारच्या चिकणमातीच्या गोळ्याने काढतात. मग प्रखर दिव्याखाली तपासणी आणि जाडीमापकाने नोंदी होतात. एखाद्या भागाची जाडी इतरांच्या दुप्पट भरली, तर तेथे पूर्वी रंगकाम झाल्याची शंका येते. शेवटी छोट्या चौकोनावर चाचणी घेऊन सर्वांत सौम्य पॉलिशने काम भागते का, हे पाहिले जाते.

स्पोर्ट्स कारमध्ये अडचणी वाढतात. ॲल्युमिनियमवर केवळ चुंबकीय मापक चालत नाही, तर कार्बन फायबर किंवा प्लॅस्टिकसाठी ध्वनिलहरींवर चालणारा मापक लागतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर घर्षणाची उष्णता लवकर साचते. धारदार कडांवर थर पातळ असतो, म्हणून त्यांवर टेप लावतात. केवळ गोल फिरणाऱ्या यंत्रापेक्षा फिरता फिरता डोलणारे ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्र अधिक सुरक्षित, कारण ते एकाच जागी उष्णता साचू देत नाही.

काम खरे झाले की नाही, याची कसोटी सोपी आहे. पॉलिशमधील तेल ओरखडे तात्पुरते झाकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसल्यावरही चकाकी टिकली, तरच ती रंगाची.

यानंतर सिरॅमिक कोटिंगचा पर्याय आहे. त्यामुळे पाणी आणि मळ सहज निघून जातो. पण ते जेमतेम एक-दोन मायक्रॉनचे असल्याने खडीचा मार रोखत नाही. जाहिरातीतील ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मापाचा आहे, हिऱ्याच्या नव्हे. खडीपासून बचाव करते ती सुमारे १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म.

क्लिअर कोट ही गाडीला एकदाच मिळालेली पुंजी आहे. गाडी सावलीत, दोन बादल्यांनी धुवावी, स्वच्छ मायक्रोफायबरने टिपावी आणि कोरडी धूळ कधीही पुसू नये. एवढे पथ्य पाळले, तर पॉलिशची वेळ क्वचितच येते. कुशल कारागिराची ओळखही त्याने किती घासले यावरून नव्हे, तर किती राखले यावरून पटते.