लिखित मंत्र आणि मौखिक मंत्र : ग्रीक पपायरस व वऱ्हाडातील बंजारा परंपरा

प्रस्तावना :
वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची (१७३९–१८०६) समाधी असून हे स्थान देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. या समाजाच्या गोरमाटी बोलीला स्वतंत्र लिपी नाही. तिचे संचित प्रामुख्याने मौखिक आहे. अशा समाजातील रोगनिवारणविषयक श्रद्धांचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावा, या प्रश्नाचा विचार प्राचीन ग्रीक मंत्रलेखनाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रीक साधने :
इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकलेले ग्रीक जादूविषयक पपायरस कार्ल प्राइसेंडान्झ यांनी १९२८ व १९३१ मध्ये दोन खंडांत संपादित केले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील एका गुंडाळीत (इ. स. तिसरे-चौथे शतक) खोकला, थंडीताप, डोकेदुखी यांवरील तोडगे आढळतात. विंचू चावल्यास स्वच्छ पपायरसवर विशिष्ट चिन्हे लिहून तो दंशाच्या जागी गुंडाळावा, असे त्यात सांगितले आहे. तथापि ग्रीक मंत्रही मुळात मौखिकच होता. होमरच्या ‘ओडिसी’त ओडिसियसच्या जखमेतील रक्त मंत्रगायनाने थांबविल्याचा उल्लेख आहे. लेखन हा नंतरचा टप्पा होय.

वऱ्हाडातील साधने :
आल्फ्रेड लायल यांनी १८७० च्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्ये बंजारा समाजातील चेटकाच्या समजुतीचा संबंध ताप, संधिवात व हगवण यांच्याशी जोडला आहे. भटक्या जीवनामुळे हे आजार त्यांना अधिक जडत, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु चेटकीण ठरवून स्त्रियांना ठार मारल्याचे ते नोंदवितात, उपचाराचे शब्द मात्र नोंदवीत नाहीत. पपायरसमध्ये मांत्रिकाचा स्वतःचा मजकूर मिळतो. येथे मात्र प्रशासकाने केलेले वर्णन तेवढे मिळते. त्यामुळे एकाची गणना ‘प्राचीन दस्तऐवजा’त होते, तर दुसऱ्याची केवळ ‘अंधश्रद्धे’त.

समारोप :
साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचा अवलंब करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. मात्र उपचार म्हणून मंत्र नाकारणे आणि ऐतिहासिक साधन म्हणून त्याची नोंद करणे यांत विरोध नाही. पपायरसला वाळवंटाने जपले. मौखिक मंत्र वृद्धांच्या स्मरणाबरोबरच लोपतो. म्हणून तांड्यांतील मौखिक परंपरेचे गोरमाटीतच, देवनागरी लिपीत संकलन होणे निकडीचे आहे. वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या इतिहास व भाषा विभागांनी हे कार्य संयुक्तपणे हाती घ्यावे.