प्रजा नव्हे, लोक!

दरवर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की आम्ही वस्तीत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन करतो. मागच्या फलकावर 'प्रजासत्ताक दिन' लिहिलेले असते आणि आम्ही मोठ्याने वाचत असतो, 'आम्ही भारताचे लोक'. फलकावर प्रजा, तोंडी लोक! उद्देशिकेच्या मराठी पाठात 'प्रजासत्ताक' हा शब्दच नाही. तिथे 'लोकशाही गणराज्य' असे म्हटले आहे. हा फरक आम्हाला किरकोळ वाटत नाही.

प्रजा या शब्दाचा मूळ अर्थ संतती. राजा बाप आणि रयत त्याची लेकरे, ही कल्पना त्या शब्दातच आहे. कोणी म्हणेल, प्रजेच्या हाती सत्ता आली, म्हणून तर प्रजासत्ताक! मान्य. पण राजाच उरला नाही, तर प्रजा कुणाची? आजही अर्ज घेऊन कचेरीत जाणारा आपला माणूस हात जोडून 'मायबाप सरकार' म्हणतो. शब्द जुना असला की सवयही जुनीच राहते.

'लोकशाही'तली 'शाही' फारसी 'शाह'वरून, म्हणजे राजावरून आली. निजामशाही, आदिलशाही, हुकूमशाही, झुंडशाही ही सगळी त्याच घडणीची नावे. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता असे नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, हा खुलासाही त्यांनी तिथेच केला. कुठलीही 'शाही' ओळखायची ती अशी, तिच्या व्यवहारावरून.

'गण' मात्र याच मातीतला शब्द आहे. तथागतांच्या काळी वज्जी, मल्ल, शाक्य, कोलिय यांची गणराज्ये होती. भिक्खू संघाचा कारभारही सभेच्या नियमांनी चाले. आधी ठराव मांडायचा, त्याला 'ञत्ति' म्हणत. मतभेद मिटला नाही तर 'सलाका', म्हणजे काड्या वाटून मते मोजत. सभेला लागणारी संख्या पूर्ण करणाऱ्याला 'गणपूरक' म्हणत. आज ग्रामसभेच्या नोटिशीत आपण 'गणपूर्ती' हा शब्द वाचतो, त्याचे नाते इतके जुने आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इतिहास मांडला. ही लोकशाही भारताने एकदा गमावली, दुसऱ्यांदाही गमावणार का, हा त्यांचा प्रश्न होता.

पण त्या गणराज्यांचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. तिथे सत्ता प्रामुख्याने क्षत्रिय कुळांच्या हाती होती. दासांना सभेत स्थान नव्हते. बहुमतही चुकत होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी शाक्य संघाची सभा रंगवली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव सेनापतीने मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला आणि सिद्धार्थाने परिव्राजक होऊन देश सोडणे स्वीकारले. म्हणजे मते मोजली की लोकशाही पूर्ण झाली, असे होत नाही. एकट्याला 'नाही' म्हणता आले पाहिजे आणि त्यासाठी त्याला घरदार सोडावे लागता कामा नये.

म्हणूनच त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. राजकीय लोकशाही सामाजिक लोकशाहीच्या पायावर उभी राहिली नाही तर टिकणार नाही, असेही सांगितले. नेत्याच्या पाया पडणारे, त्याला प्रश्न न विचारणारे कार्यकर्ते आपल्याही चळवळीत आहेत. ते भक्त झाले, म्हणजे पुन्हा प्रजाच झाले.

तरुण मित्रांनो, यंदा फलकावर 'गणराज्य दिन' लिहू या. पण तेवढ्याने भागणार नाही. पुढच्या ग्रामसभेला, वॉर्डसभेला आणि आपल्या मंडळाच्या बैठकीलाही गणपूर्तीसाठी आपण स्वतः हजर राहू. ठराव वाचू, हिशेब मागू, पटले नाही तर हात वर करून विरोध नोंदवू. बहिणींना मागच्या रांगेत न बसवता ठराव मांडायला सांगू.

गण आपल्या हजेरीनेच पूर्ण होतो.

जय भीम!